खूण नसलेली नळी: पुसलेली की मुळात नव्हतीच?

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका जुन्या घराचा माळा रिकामा करताना साडेतीन फुटांची लोखंडी नळी निघाली. दस्ता नाही, चाप नाही, नाव-नंबर काही नाही. पाण्याची नळी समजून ती भंगारात निघालीच होती. मागच्या टोकाजवळचं बत्ती द्यायचं बारीक भोक दिसलं, बंदुकीची नळी आहे हे कळलं, म्हणून वाचली.

ठाण्यात असं काही सापडलं तर नवल नाही. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. आज तिथे तुरुंग आहे. जेमतेम ४५ वर्षांत तीन फौजांच्या बंदुका या गावातून गेल्या.

नळीवर चाचणीची खूण म्हणून मारायच्या शिक्क्यांचा इतिहास मात्र युरोपचा आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची, टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, अशी ती पद्धत. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ चं. बेल्जियमच्या लिएजचा ई, एल, जी ही अक्षरं असलेला लंबगोल शिक्का आपल्याकडच्या जुन्या शिकारी बंदुकांवर दिसतो आणि लोक त्याला कारखान्याचं नाव समजतात. तो फक्त चाचणी कुठे झाली ते सांगतो. हे शिक्के बहुधा दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूला असतात, म्हणून नळी उलटी करून पाहिल्याशिवाय ‘खूण नाही’ म्हणू नये.

इथल्या जुन्या लोहारांवर असं बंधन नव्हतं. तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची, देशी बंदूक ओळखायची ती घडणीवरून. तिची रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) ठेवायची वाटी उजव्या अंगाला, बहुतेक वेळा नळीलाच जोडलेली असते. गारेच्या ठिणगीवर चालणाऱ्या चकमकीच्या विलायती बंदुकीत ती चापाच्या यंत्रावर असते, नळीला नुसतं भोक. देशी नळी दस्त्याला तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधत. विलायती नळीच्या पोटाला, दस्त्यात अडकवायच्या खिळीसाठी, भोक असलेले छोटे कान असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंचांची, त्यामुळे मोजपट्टीही बरंच सांगून जाते.

खरी गुंतागुंत कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आणली आणि युरोपियनांना तीतून सूट दिली. आजचा कायदा १९५९ चा. त्यात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या शब्दात येतात, म्हणजे नुसती नळीसुद्धा. कलम ८ असं धरून चालतं की ज्याच्याकडे ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र सापडेल त्यानेच ते चिन्ह पुसलं. तसं नसल्याचं त्यानेच सिद्ध करायचं. कानस मारून नंबर घालवलेलं पिस्तूल पकडण्यासाठी हे ठीक आहे. पण जिच्यावर कधी खूण नव्हतीच, त्या दोनशे वर्षांच्या नळीलाही तोच नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं.

सूट आहे ती कलम ४५ मध्ये: कालबाह्य घडणीचं, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. हे शेवटचं ‘जे’ नुसत्या नादुरुस्त हत्याराला लागू की तिन्हींना? नुसत्या नादुरुस्ताला धरलं, तर पुरातन नळी आपोआप सुटते. तिन्हींना धरलं, तर ‘दुरुस्त करून’ हे दोन शब्द आडवे येतात, कारण चांगला लोहार दस्ता आणि चाप नव्याने बसवून देईल असं कोणीही म्हणू शकतं. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, पण तेवढ्याने शस्त्र कायद्याचा प्रश्न मिटत नाही. घरोघरच्या कित्येक नळ्या या भीतीपोटी खाडीत गेल्या असतील, या विचाराने वाईट वाटतं.

एक गोष्ट निक्षून. ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) जुनी बंदूक भरलेलीच राहून गेलेली असू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंड माणसांपासून दूर ठेवा, घासू नका, तापवू नका, भोकात तार घालू नका. आहे तशी ठेवून पोलिसांना कळवा.

चेंदणीच्या नळीला उजव्या अंगाला वाटी आहे, गंजलेली पण शाबूत. पोटाला कान नाहीत, तारेच्या बंधांचे चट्टे आहेत. घरच्यांनी त्यांचे जवळून फोटो काढले आणि पंचनाम्यात ‘नंबर नसलेली नळी’ एवढंच न लिहिता वाटीचा आणि चट्ट्यांचा उल्लेख करून घेतला.