गर्भाशय-अस्तराचा कर्करोग : प्रथिन-मार्कर आणि गाठीचा स्वभाव

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात, म्हणजे एंडोमेट्रियममध्ये, झालेल्या कर्करोगाच्या पेशींत ठरावीक प्रथिने तपासून गाठ पुढे कशी वागेल याचा अंदाज बांधतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक शस्त्रक्रियेनंतर परत येत नाही, दुसरी लवकरच लसिकाग्रंथींत पोचते. हा फरक नुसत्या आकारावरून नेहमी कळत नाही. म्हणून २०२३ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) टप्पेवारीत रेणवीय प्रकारालाही, म्हणजे जनुके व प्रथिनांवरून ठरणाऱ्या प्रकारालाही, जागा मिळाली.

ही प्रथिने पाहायला ऊतीचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात; प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. सर्वांत जास्त चुका पी५३, म्हणजे पेशींची बेबंद वाढ रोखणारे प्रथिन, वाचताना होतात. त्याचे जनुक शाबूत असेल तर केंद्रके काही गडद, काही फिकी, काही कोरी अशी सरमिसळ दिसते. जनुक बिघडले असेल तर बहुधा ८० टक्क्यांहून अधिक केंद्रके एकसारखी गडद तपकिरी होतात, नाहीतर एकही रंगत नाही. एकही केंद्रक न रंगलेल्या या चित्रावर कुणी 'निगेटिव्ह' एवढेच लिहिले, तर अत्यंत आक्रमक गाठ वाचणाऱ्याला निरुपद्रवी वाटते. अहवालात 'सामान्य' किंवा 'विकृत' असेच लिहावे. शेजारच्या आधारपेशी व लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रंगलेले असतील आणि गाठ तेवढी कोरी असेल, तरच ती कोरी समजावी. सगळेच कोरे असेल तर रंगक्रिया फसली आहे. काच पुन्हा करावी.

एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने जोडीने काम करतात: पहिली दोन एक जोडी, पुढची दोन दुसरी. पहिली जोडी नाहीशी झाली तर आधी एमएलएच१ चे मेथिलेशन (जनुक बंद पाडणारा, सहसा आनुवंशिक नसलेला रासायनिक बदल) तपासतात. ते नसेल, किंवा दुसरी जोडी गेली असेल, तर लिंच सिंड्रोमसाठी (गर्भाशय व आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) रक्ताची जनुकीय तपासणी हवी, कारण प्रश्न बहिणी-मुलींच्या आतड्याचाही असतो. ही दुरुस्ती-प्रथिने हरवलेल्या गाठी आजार पसरलेला असतानाही इम्युनोथेरपीला (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारे उपचार) चांगला प्रतिसाद देऊ शकतात. इस्ट्रोजेन-ग्राहक (इस्ट्रोजेन संप्रेरक पकडणारे प्रथिन) टिकून असणे सहसा बरे लक्षण. एल१कॅम हे पेशींच्या चिकटण्याशी संबंधित प्रथिन १० टक्क्यांहून जास्त पेशींत असेल तर धोका वाढतो. पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाचे जनुक) जनुकातील बदल मात्र रंगक्रियेने दिसत नाही, त्याला सिक्वेन्सिंगच, म्हणजे डीएनएची अक्षरे वाचणारी चाचणीच, लागते. तो असेल तर सोबत पी५३ विकृत असूनही भवितव्य चांगले असते.

गोव्यात काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातून नमुना बांबोळी-पणजीच्या प्रयोगशाळेपर्यंत यायचा, तर खरी परीक्षा फॉर्मेलिनची, म्हणजे ऊती कुजू न देणाऱ्या द्रावणाची. ते ऊतीत तासाला साधारण १ मिलिमीटर शिरते. न उघडलेली गर्भपिशवी बाटलीत तशीच बुडवली की इथल्या उकाड्यात नेमके आतले अस्तर आधी कुजते. म्हणून पिशवी दोन्ही कडांनी तासाभरात उघडावी, दसपट १० टक्के बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये ठेवावी आणि ६ ते ७२ तासांत पुढच्या प्रक्रियेला घ्यावी. चवथीच्या सुट्टीत ही मुदत सहज उलटते. कापलेल्या ४ मायक्रॉनच्या काचा पावसाळ्यात साठवू नयेत. दमट हवेत प्रतिजन, म्हणजे रंग ज्यांना चिकटतो ती प्रथिने, क्षीण होतात. शंका आली तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) मार्कर लावावेत: तुकडा छोटा असल्याने फॉर्मेलिन त्याच्यात लवकर भिनलेले असते.