अक्षरओळख म्हणजे ध्वनिजाणीव नव्हे

बालवर्गासाठीची ॲप्स चाळली की एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. वर्णनात लिहिलेलं असतं 'ध्वनिजाणीव', म्हणजे शब्दातले आवाज कानानं ओळखणं, आणि आत असतात मुळाक्षरं. मोठा क, शेजारी कमळाचं चित्र, बोट लावलं की 'क कमळाचा'. ही अक्षरओळख झाली.

अक्षरओळख सगळ्यांना ठाऊक आहे: आकार ओळखायचा, उच्चार सांगायचा, पुढे गिरवायचा. टॅबवर ती बरी जमते.

ध्वनिजाणीव मात्र सगळी कानाची. ऐकलेला शब्द तोडता येणं, तुकडे जोडता येणं, यमक पकडणं, एक तुकडा गाळून उरलेलं सांगणं. 'पाऊस'मधून 'पा' काढला तर काय उरलं? 'ऊस'. हे सांगायला एकही अक्षर दिसावं लागत नाही. म्हणून माझी कसोटी सरळ आहे: टॅब पालथा ठेवा. खेळ तरीही चालू राहिला तर ती ध्वनिजाणीव, अडला तर ती नव्हे.

मराठीत खरी गफलत होते ती इथे. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं. बोलताना मात्र शेवटच्या 'ळ'मधला 'अ' गळतो आणि कानावर दोनच तुकडे पडतात: क-मळ. वाचता न येणारं मूल ऐकून दोन टाळ्या वाजवतं. ॲप अक्षरं मोजत असेल तर त्याला तीन हव्या असतात. मग लाल फुली. मुलाचा कान अचूक होता, चूक ॲपची होती. 'कावळा'चंही तेच: लिहिताना तीन, बोलताना काव-ळा. उलट, अक्षरं पाठ असलेलं मूल तीन टाळ्या वाजवून शाबासकी मिळवतं, आणि त्यानं शब्द ऐकला की डोळ्यांपुढे आणून मोजला, हे कुणी तपासत नाही. मला सर्वात जास्त खटकतं ते हे. बरोबर ऐकणाऱ्या मुलाला चूक ठरवलं की ते कानावर भरवसा ठेवणं सोडतं आणि ताईच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतं.

दोन्ही गोष्टी हव्यातच. अमेरिकेतल्या नॅशनल अर्ली लिटरसी पॅनेल या तज्ज्ञगटाच्या २००८ च्या अहवालात पुढच्या वाचनाचा अंदाज देणाऱ्या क्षमतांमध्ये दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांच्या १९८३ च्या प्रयोगात आवाजांवरून शब्दांचे गट पाडायला शिकलेल्या मुलांपैकी ज्यांना जोडीला प्लास्टिकची अक्षरंही दिली, ती वाचनात सर्वात पुढे गेली. म्हणजे अक्षरं आवाजाच्या जोडीला यावीत, त्याच्या जागी नाही.

वर्गात एकच साधन घ्यायचं झालं तर मी साधा रेकॉर्डर घेईन. एका मुलानं शब्द तोडून बोलायचा, बाकीच्यांनी ऐकून तो जोडायचा, शंका आली की पुन्हा लावायचा. प्रत्येक उत्तरावर तुतारी वाजवणारी ॲप्स मला नकोत. मुलानं नुकताच ऐकलेला आवाज त्या गोंगाटात पुसला जातो. अक्षर दाखवायचं ते यानंतर, आणि दाखवताना मुलांना उघड सांगायचं: 'कमळ' ऐकायला दोन तुकडे, लिहायला तीन अक्षरं, आणि दोन्ही बरोबर.