शिशाची गोळी आणि छापखान्यातला खिळा

मराठी, तेलुगू, कानडी अशा तीन भाषा बोलणाऱ्या सोलापुरात ऑफसेट छपाई आली आणि जुन्या छापखान्यांचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, किलोवर भंगारात गेले. भंगारवाला ते शिसं म्हणूनच तोलायचा. पण शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो. खिळ्यावर नख कितीही घासा, नखच झिजेल. ब्रिनेल मापाने शुद्ध शिशाची कठीणता ५ च्या आसपास, तर लायनोटाइप या अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या छपाईयंत्राच्या धातूची २२ च्या घरात. त्यात शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथील ४.

अमेरिकेत मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) रायफलींसाठी घरी गोळ्या ओतणारे हौशी लोक हाच धातू शोधत फिरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा इथे फक्त धातूबद्दल.)

अँटिमनी कडकपणा आणतं. कथलाचं काम वेगळं: रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पसरतो. अक्षराची बारीक वेलांटी असो की गोळीच्या बुडाची धार, ती कथलामुळे स्वच्छ उमटते. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर अंगावर पांढुरकी झाक येते. अँटिमनीसोबत आर्सेनिकचा अंश असेल तर साच्यातली गरम गोळी थेट पाण्यात टाकतात. मग ती पुढचे काही दिवस आपोआप कडक होत जाते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते.

मग जितकी कडक तितकी चांगली? नाही. १८७३ चं '.४५-७०' हे अमेरिकी लष्करी काडतूस घ्या: ७० ग्रेन बंदुकीची काळी दारू आणि ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची गोळी. वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. एवढ्या वेगाला मऊ शिसं पुरतं, उलट ते दाबाने थोडं फुगून नळी घट्ट बंद करतं. फार कडक गोळी फुगत नाही. फटीतून तप्त वायू निसटतो, शिसं कापत जातो आणि नळीतल्या पिळाच्या खाचांत त्याचा लेप बसतो. म्हणूनच गोळी नळीपेक्षा इंचाच्या हजाराव्या हिश्शाने जाड ठेवतात. पुढे धूररहित दारू आली, वेग ६०० मीटरच्या पुढे गेला आणि लष्करी गोळीला तांब्याचं कवच चढलं.

शिसं वितळतं ३२७ अंशांना, उकळतं १७४९ ला. त्यामुळे ओततानाच्या तापमानाला वाफेचं भय फारसं नसतं. खरा धोका वर साचणाऱ्या करड्या मळीचा. तिची धूळ हाताला लागते, हातावरून भाकरीला आणि तिथून पोरांच्या पोटात जाते. दुसरा धोका पाण्याचा. सोलापुरात मे महिन्यात चुलीशेजारी कपाळावरून घाम निथळतो. वितळलेल्या रसात पाणी कोंडलं गेलं तर त्याची क्षणात सुमारे १७०० पट वाफ होते आणि रस तोंडावर उडतो.

मासेमारीच्या जाळ्याला वजनाच्या गोळ्या ओतणाऱ्यांनाही हे सगळं लागू. त्यांनी बॅटरीच्या प्लेटा तर वितळवूच नयेत. आजच्या बऱ्याच बॅटऱ्यांच्या शिशात कॅल्शियम असतं. ते आर्सेनिक-अँटिमनीशी जुळून मळीत बसतं आणि त्या मळीला ओल लागली की आर्सिन व स्टिबिन हे जहाल वायू सुटतात.