कार्बन नॅनो तंत्रज्ञान

कार्बनच्या अणूंची नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागाच्या मापात रचना करून त्यांपासून पदार्थ आणि उपकरणे घडवण्याचे शास्त्र. फुलरीन, नॅनोनलिका आणि ग्राफीन ही या शास्त्रातील प्रमुख अपरूपे, म्हणजे अणूंच्या वेगळ्या मांडणीमुळे बनलेली कार्बनची रूपे होत.

कार्बनच्या अणूत बंधासाठी चार इलेक्ट्रॉन उपलब्ध असतात. हिऱ्यात ते चारही शेजारच्या चार अणूंशी बांधलेले असतात, म्हणून हिरा कठीण आणि विद्युतरोधक. ग्राफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांशी जोडून षटकोनी जाळीचे थर बनवतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरायला मोकळा राहतो, म्हणून ग्राफाइट वीज वाहून नेते. थरातल्या लगतच्या अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधले ०.३३५. थरांची एकमेकांवरची पकड इतकी सैल असते की पेन्सिल कागदावर टेकवून ओढली तरी ते सुटे होतात. हिरा आणि कोळसा हे मुळात एकच द्रव्य आहे, हे स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये हिरा जाळून दाखवले. सारा फरक अणूंच्या मांडणीचा, आणि नॅनो तंत्रज्ञान उभे आहे ते याच गोष्टीवर.

१९८५ मध्ये हॅरॉल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांनी राइस विद्यापीठात लेसरने ग्राफाइटची वाफ केली, तेव्हा साठ अणूंचा पोकळ गोल रेणू, म्हणजे फुलरीन, हाती लागला. यात १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात, अगदी शिवलेल्या फुटबॉलसारखे. या शोधाला १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ग्राफाइटचा एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये साध्या चिकटपट्टीने तो सोलून काढला (२००४) आणि २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. एका अणूइतक्या जाडीचा हा थर त्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशाचा सुमारे २.३ टक्के भाग शोषतो.

नॅनोनलिका म्हणजे ग्राफीनची गुंडाळी. सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या नलिकांचे वर्णन केले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष गेले. मात्र तशा नळ्यांची छायाचित्रे सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच छापली होती. एकाच भिंतीच्या नलिका १९९३ मध्ये मिळाल्या. तीच जाळी कोणत्या कोनात गुंडाळली जाते त्यावर नलिका धातूसारखी वागणार की अर्धवाहक, म्हणजे प्रवाह चालू-बंद करता येईल अशी, होणार, हे ठरते. कार्बनच्या साऱ्या रूपांत याहून विलक्षण काही नसावे. कोन यदृच्छेने पडू दिला तर साधारण एक तृतीयांश नलिका धातुरूप निघतात.

संगणक बनवू पाहणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे, कारण धातुरूप नलिकेतला प्रवाह बंद करता येत नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१३ साली नलिकांच्या १७८ ट्रान्झिस्टरांवर (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळांवर) चालणारा छोटा संगणक बनवला, तेव्हा अशा नलिका जास्त प्रवाह सोडून जाळून टाकाव्या लागल्या. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या २०१९ च्या प्रोसेसरमध्ये १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टर होते; तिथे मंडलाची आखणीच अशी केली की थोड्या धातुरूप नलिका राहिल्या तरी काम अडू नये.

बळकटीचेही तसेच. सुटी नलिका पोलादाहून कितीतरी मजबूत असते, पण नलिकांचा दोर वळला की ती ताकद बरीच घटते, कारण त्या एकमेकींना क्षीण आकर्षणानेच धरून असतात. म्हणून आज त्यांचा मोठा वापर दोरात नव्हे, तर मिश्रणात होतो: लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युतअग्रांत किंवा प्लास्टिकला वीजवाहक करण्यासाठी. टायरच्या रबरातली काजळी, पाणी गाळणारा सक्रिय कोळसा आणि विमानांतले कार्बन तंतू ही कार्बनची जुनी, रुळलेली रूपे. एकूण खपात नव्या रूपांपेक्षा ती फार पुढे आहेत.

नलिका हाताळताना त्यांची धूळ श्वासात जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लांब, सरळ नलिकांनी पोटातील आवरणावर अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला. आखूड, गुंतलेल्या नलिकांनी तसा दाह केला नाही.