घासलेट म्हणजे मशीनचं तेल नव्हे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या रामबागेतल्या शिलाई मशिनी एकदम आजारी पडतात. परवा गल्लीतलीच एक सून आली. "काकू, मशीन पुन्हा जड झाली हो. आत्ता पंधरा दिवसांपूर्वी तर तेल दिलं."

कुठलं तेल दिलंस, मी विचारलं.

"घासलेट." आणि माझा चेहरा बघून घाईघाईने, "पण दिल्याबरोबर इतकी हलकी चालली ना, एकदम मक्खन!"

हे 'एकदम मक्खन' ऐकून माझे कान किटलेत. तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते आहे आणि दर सणाला हेच. माझी पुण्याची मावसबहीण घासलेटाला रॉकेल म्हणते आणि मशीनला 'ते' म्हणते, आम्ही इंदूरकर 'ती' म्हणतो. बोली वेगळी, पण घोटाळा तिच्याकडेही हाच.

मशीनच्या तेलाबद्दल फार लिहीत नाही. पाण्यासारखं नितळ, वास जवळजवळ नाहीच, छोट्या बाटलीत मिळतं. सियागंजातून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या बटण-दोऱ्याच्या दुकानातून. एका छिद्रात एक थेंब. दिवसभर शिवत असाल तर रोज, एरवी महिन्यातून एकदा. मग चिंधीवर चार ओळी मारायच्या, म्हणजे जास्तीचं तेल नव्या ब्लाउजऐवजी चिंधीला लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

घोटाळा आहे तो घासलेटाचा. दोन्ही पदार्थ जमिनीतल्या खनिज तेलापासूनच बनतात, दोन्ही पातळ, दोन्ही कुप्पीच्या टोकातून सारखेच टपकतात. त्यामुळे डोळ्यांना ते भाऊ-भाऊ वाटतात. कामं मात्र उलटी. घासलेट आत साचलेला जुना चिकटा विरघळवून मोकळा करतं. मशीनचं तेल दोन लोखंडांच्या मधे बसतं आणि त्यांना एकमेकांवर घासू देत नाही. ओट्यावरचा तेलकटपणा काढायला सोडा वापरतो, म्हणून कोणी सोड्यात पुऱ्या तळत नाही.

आता त्या 'मक्खन'चं. मशीन हलकी होते हे खरं आहे, त्या सुनेचा पाय खोटं सांगत नव्हता. सुईचा दांडा ज्या नळीतून वर-खाली होतो, तिच्यात आणि दांड्यात केसाएवढीसुद्धा फट नसते. तिथलं जुनं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं. घासलेट पडलं की डिंक पातळ होतो, दांडा सुटतो. शिवाय घासलेट स्वतःच तेलापेक्षा पातळ, त्यामुळे त्याची अडवणूक नाही. म्हणजे पाच मिनिटांत चमत्कार! पण काही दिवसांत घासलेट उडून जातं. विरघळलेला डिंक उडत नाही. तो पुसून काढला नसेल तर जिथे ओघळला तिथेच पुन्हा बसतो, आणि जिथून निघाला तिथलं लोखंड उघडं पडतं. मशीन पुन्हा जड. पुन्हा घासलेट, पुन्हा मक्खन. असं दोन-तीन वर्षं चाललं की दांडा आणि नळी दोन्ही झिजतात. मग मशीन कायमचीच हलकी होते, फक्त चालताना खडखडते आणि टाके सोडते.

उघड्या लोखंडाला किती सोसावं लागतं याचा हिशेब एकदा मांडून बघा. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर एक मीटर शिवणीत 400 टाके, म्हणजे दांडा 400 वेळा खाली जाऊन वर येणार. दोन-दोन मीटरच्या 40 ओळी घालून एक गोधडी शिवली की झाल्या 32,000 फेऱ्या. एका गोधडीत. त्या कोरड्या मारायच्या का?

उलट, तेल दिल्यावर काही जादू वगैरे होत नाही. जुन्या डिंकावर नवं तेल टाकलं तर बरेचदा ते आत पोचतही नाही, वरच्यावर ओघळून खालच्या लाकडावर डाग पाडतं. म्हणून बायका म्हणतात, तेलाने काही झालं नाही, घासलेटाने झालं. घासलेटाने दार उघडलं एवढंच. दार उघडल्यावर आत जायचं होतं तेलाला, आणि तेवढ्यात तुम्ही शिवायला बसलात.

विश्वास बसत नसेल तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोघांचा एकेक थेंब टाका आणि कागद तसाच राहू द्या. घासलेटाचा डाग एक-दोन दिवसांत जवळजवळ नाहीसा होतो. तेलाचा डाग आठवड्यानंतरही तसाच पारदर्शक दिसतो. तुमच्या मशीनच्या आत हेच होत असतं.

घासलेट घालायची ही पद्धत मिस्त्री लोकांनी शोधून काढलेली नाही, हेही सांगते. जुन्या काळ्या सिंगरबरोबर यायच्या त्या पुस्तिकांमध्येच लिहिलेलं असे: मशीन पडून राहून जड झाली तर तेलाच्या जागी थोडं घासलेट घाला, भराभर चालवा, पुसून काढा आणि मग तेल द्या. आपल्याकडे या वाक्याचा पहिला अर्धा भाग तोंडी पुढच्या पिढीला गेला आणि 'पुसून काढा, मग तेल द्या' वाटेतच सांडलं. आमच्याकडे यायचा तो मिस्त्रीही "घासलेट डालो भाभी, फर्स्ट क्लास चलेगी" एवढंच म्हणून पैसे घेऊन जायचा. तीन महिन्यांनी मी त्याला पुन्हा बोलवायचे. आता कळतं की त्याचा धंदा त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यावर चालला होता.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंची पायमशीन माळ्यावरून खाली काढली. चाक हलेना. सगळ्यात आधी, जड नेमकं काय आहे ते बघितलं. पट्टा काढून नुसता पायटा हलवला, तर तो छान झुलत होता. मग चाकाच्या मधली चकती सैल केली, बॉबिन भरताना करतो तशी. चाक एकटं गरगर फिरलं. म्हणजे दुखणं मशीनच्या डोक्यातच, टेबलावरच्या यंत्रात. ही दोन मिनिटांची तपासणी न करता जो कुप्पी उचलतो त्याच्याशी मी वाद घालत नाही.

गॅलरीत नेऊन, गॅसपासून लांब, डोकं मागे कलतं केलं आणि खाली जाड वर्तमानपत्र घातलं. प्रत्येक छिद्रात घासलेटाचे दोन-तीन थेंब, चाक हाताने मागे-पुढे, जेवढं हलेल तेवढंच. जोर लावायचा नाही. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी कागदावर चहाच्या चोथ्यासारखे काळपट तपकिरी ठिपके पडले होते. ते पुसलं, पुन्हा घासलेट, पुन्हा चाक. दुपारचे ठिपके कडक चहाच्या रंगाचे, संध्याकाळचे फिक्या चहाचे. तिसऱ्या दिवशी नितळ थेंब पडला तेव्हा थांबले. मग जुन्या मलमलच्या चिंध्या पिळून पिळून जिथे बोट पोचेल तिथे पुसलं, जिथे पोचत नाही तिथे काडीला कापूस लावून. एक पूर्ण दुपार कोरडी होऊ दिली. मग प्रत्येक जागी तेलाचा एकेक थेंब, दोरा काढून, कापड दाबणारा फूट वर उचलून पाच मिनिटं नुसती चालवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक थेंब, कारण पहिला थेंब कोरडं लोखंड पिऊन टाकतं. त्यानंतर त्या मशीनला मी घासलेट दाखवलेलं नाही, आणि दाखवायची वेळही येणार नाही.

घासलेट आता सहज मिळत नाही म्हणून काही जणी हार्डवेअरच्या दुकानातून गंज सोडवायचा फवारा आणतात. तोही त्याच जातीचा समजा. अडकलेलं सोडवायला उत्तम, पण त्यानंतर पुसणं आणि तेल चुकत नाही. पेट्रोल मात्र घरात आणूच नका. भडका उडायला ठिणगीसुद्धा लागेल न लागेल.

मुळात डिंक होतो कशाने? बरेचदा स्वयंपाकघरातल्या तेलाने. आपण माळव्यात राहतो, सोयाबीनचं तेल घरोघरी. पण सोयाबीन, शेंगदाणा, मोहरी ही तेलं हवा लागली की हळूहळू घट्ट होत जातात, कढईच्या बाहेरच्या बाजूला जो पिवळा चिवट थर चढतो तो हाच. जवसाचं तेल तर इतकं पटकन वाळतं की रंगात घालतात. खोबरेलाचं दुखणं वेगळं: ते 24 अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत इंदूरचा रात्रीचा पारा 10 च्या आसपास असतो, बाटलीतलं खोबरेल आपण उन्हात ठेवून पातळ करतो. मशीन काय उन्हात ठेवणार?

कापडाची लव ही तिसरीच गोष्ट, तिला ना घासलेट हलवतं ना तेल. सुईखालची प्लेट दोन स्क्रू काढून उचला. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांत राखाडी पट्ट्या दिसतील, सुती अस्तर आणि गोधड्यांची लव दाबून दाबून झालेल्या. माझ्या मशीनमधून एकदा बोटभर लांबीचा तुकडा अखंड निघाला, हाताला चक्क नमदा लागत होता. दाते त्यावर आपटून पुरते वर येईनात, म्हणून कापड सरकत नव्हतं, आणि मी मूर्खासारखी दोऱ्याचं टेन्शन फिरवत बसले होते. लवेवर तेल टाकलं तर ती वातीसारखं ते पिऊन घेते आणि लोखंडाच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून आधी कोरडा ब्रश, नंतर तेल. क्रम उलटा करायचा नाही. तोंडाने फुंकर मारू नये, लव आत जाते आणि सोबत वाफही. आणि बॉबिन केसच्या बारीक पत्रीखाली अडकलेला धागा सुईने नव्हे, दुसऱ्या दोऱ्याने ओढून काढावा. सुईने तिथे चरा पडतो.

बाकी किरकोळ. चामड्याच्या पट्ट्याला तेल नको, घसरतो. विजेच्या मोटरमध्ये ना तेल ना घासलेट, आणि मशीन साफ करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. गिअरवर घट्ट ग्रीस असेल तर ते धुऊन तेल घालू नका. काळ्या मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसू नका, तिच्यावरचं लाखेचं पातळ आवरण स्पिरिटमध्ये विरघळतं. आमच्या नात्यातल्या एका उत्साही जावयाने आजेसासूची मशीन 'सॅनिटाइज' केली, तेव्हापासून ती ठिक्कर काळी आहे.

नव्या, प्लास्टिकच्या अंगाच्या मशिनींना यातलं बरंचसं लागू नाही. पुष्कळशांना मालकाने तेल द्यायचंच नसतं, फक्त बॉबिनची जागा ब्रशने झाडायची. प्लास्टिकच्या बॉबिन केसला तर तेल मुळीच नाही. तिथे माझं ऐकू नका, मशीनबरोबरची पुस्तिका बघा. आणि घासलेट तर अशा मशीनच्या जवळपासही नको, प्लास्टिकला आणि रबराला ते मानवत नाही.

त्या सुनेकडे मी संध्याकाळी गेले. मशीनपेक्षा आधी कुप्पी बघायला मागितली. एकच कुप्पी होती, लांब चोचीची, पितळी, तिच्या आजेसासूच्या वेळची. त्याच कुप्पीत कधी घासलेट, कधी तेल, संपेल तसं जे हाताशी येईल ते. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पूर्वीपासून यातूनच तेल देतात." कुप्पी हुंगली. घासलेटाचा वास होता, आणि खाली बोट लावलं तर चिकटही लागलं. दोन्ही एकत्र! ती रिकामी करून घेतली, धुवायला लावली आणि घासलेटासाठी औषधाची जुनी बाटली काढून तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. तेल आता फक्त पितळेच्या कुप्पीत.

काल तिचा फोन आला. मशीन सुरळीत आहे. सासूबाईंनी लाल दोरा नजर काढायचा समजून कुप्पीलाही एक बांधलाय.