बॅटरी बसलीय की हीटर प्लग गेलेत?

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाची गदा आली. तेव्हापासून एनओसी (गाडी दुसरीकडे नोंदवायला लागणारा ना-हरकत दाखला) घेऊन तिकडच्या स्वस्त डिझेल गाड्या ग्वाल्हेरला उतरतात. जानेवारीत सकाळी गाडी सुरू होईना, की विकणाऱ्याचं उत्तर तयारच असतं: "ठंड है, बैटरी डलवा लेना।" माणूस नवी बॅटरी टाकतो आणि दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा तशीच.

पेट्रोलवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल. त्यांच्या गाडीत ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग असतात, थंड डिझेल इंजिन पेटावं म्हणून आत तापणारे हीटर प्लग नाहीत.

बॅटरी सगळ्यांना कळते. इंजिन घर्र... घर्र करत जड फिरतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी संपली समजा.

हीटर प्लग गेले असतील तर इंजिन झपाझप फिरतं, पण पेटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कच्च्या डिझेलचा वास डोळ्यांना झोंबतो. पेटलंच तर मिनिटभर थरथरतं, मग सुरळीत. दुपारी हीच गाडी पहिल्या चावीला सुरू होते. डिझेलला ठिणगी नसते, ते दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं. गारठलेलं इंजिन ती उष्णता खातं, प्लगाचं लाल टोक ती भरून काढतं.

घोळ होतो तो इथे: बॅटरी मंद असली की इंजिन हळू फिरतं, हवा पुरती तापत नाही, म्हणून पांढरा धूर तेव्हाही दिसतो. नुसता धूर बघून निदान करणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका. आधी दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावा. झटक्यात पेटली तर बॅटरी. जोरात फिरूनही धूरच ओकत राहिली तर प्लग तपासा.

आणि "डॅशबोर्डवरचा पिळाचा (हीटर प्लगचा, तारेच्या पिळासारख्या खुणेचा) दिवा विझला, म्हणजे प्लग ठीक" हे कृपया बंद करा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ठरावीक वेळानं विझतो, चारही प्लग मेलेले असले तरी. प्लगाची वायर काढा, मीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगाच्या डोक्याला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी आलं तर जिवंत, मीटर काहीच दाखवत नसेल तर मेलेला. चारही जिवंत असतील तर रिले (प्लगांना वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज बघा. तेही ठीक आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही? मग कॉम्प्रेशन (इंजिनात हवा दाबली जाण्याचा जोर) किंवा इंजेक्टर (आत डिझेल फवारणारा भाग) यात बिघाड. अशी गाडी घेऊ नका.

हे सगळं सकाळी सातच्या आत, बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करूनच. "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर "उद्या येतो" म्हणा.

दोन्हींच्या खर्चाची तुलना करताना एक धरून ठेवा. बॅटरी दहा मिनिटांत बदलते. वर्षानुवर्षं न हललेला प्लग मात्र गार इंजिनात जोर लावून काढला तर हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या झाकणात) तुटू शकतो. आधी इंजिन कोमट करा, बुडाशी गंज सोडवणारं तेल टाकून थांबा, मग हळूहळू मागे-पुढे करत काढा. तुटलाच, तर बऱ्याचदा हेड उतरवावं लागतं.