सायकलच्या हबमधील बेअरिंग आणि प्ले

सायकलच्या चाकात ॲक्सल (मधला दांडा) स्थिर राहतो आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, त्याच्याभोवती फिरते. मधला भार बेअरिंगचे छर्रे पेलतात. हब आणि ॲक्सल यांच्यातल्या सैलपणाला सायकल दुकानात ‘प्ले’ म्हणतात. तो पाहण्यासाठी रिम धरून आडवी हलवावी. पुढचे चाक तपासताना दुसऱ्या हाताने फोर्कचा दांडा घट्ट धरावा, नाहीतर हँडलच्या बेअरिंगचा सैलपणा हबच्या माथी मारला जातो.

साध्या सायकलींत वाटी-कोन पद्धत असते. हबच्या दोन्ही टोकांना वाट्या, ॲक्सलच्या आट्यांवर कोन (शंकूच्या आकाराचे नट) आणि मध्ये ग्रीसमध्ये बसलेले छर्रे. बहुधा पुढच्या हबला ३/१६ इंची छर्रे प्रत्येक बाजूला १० आणि मागच्या हबला १/४ इंची ९ लागतात. एक झिजला तरी त्या बाजूचे सगळे बदलावेत. जुन्यानव्यांची मिसळ केली की किंचित मोठ्या छर्‍यांवरच सगळा भार येतो.

सगळ्यात आधी कोन खराब होतो. वाटी फिरत राहते, म्हणून तिची झीज सगळीकडे वाटली जाते. कोन मात्र फिरत नाही आणि त्याच्या खालच्या भागावरच कायम दाब असतो. तिथे खड्डे पडले की ॲक्सल बोटांनी फिरवताना खरखर लागते. असा कोन कितीही जुळवला तरी सुधारत नाही, बदलावाच लागतो. दाबून बसवलेल्या वाटीलाच खड्डे पडले असतील, तर सहसा पूर्ण हब बदलणे परवडते.

जुळवणी मागच्या चाकात डाव्या बाजूने करतात. उजवा कोन आणि त्याचा चेकनट (कोन जागेवर धरून ठेवणारा बाहेरचा नट) आधी पक्का करावा. मग डावा कोन हाताने छर्‍यांना टेकवून किंचित मागे घ्यावा, पातळ कोन-पान्याने धरून ठेवावा आणि चेकनट आवळावा. चेकनट आवळताना आट्यांमधली फट भरते आणि कोन थोडा आत सरकतो. ती जागा आधीच सोडावी लागते. नट लावायच्या भरीव ॲक्सलला शेवटी प्ले शून्य हवा. क्विक रिलीजचा (लिव्हरने चाक झटकन सोडता येणारा) पोकळ ॲक्सल मात्र लिव्हर दाबल्यावर किंचित आखडतो, म्हणून त्यात सुटा प्ले थोडा ठेवावा आणि लिव्हर लावल्यावर तो जातो का ते पाहावे. प्ले घालवण्याच्या नादात कोन जास्त आवळणे हीच नेहमीची चूक. दाबाने कोनावर खड्डे पडतात आणि चाक जड फिरते.

सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ हबमध्ये शिरली की ग्रीससोबत तिचा घासणारा लगदा होतो. इथला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, त्यामुळे ऑक्टोबरात हब उघडून रॉकेलने धुणे आणि नवे ग्रीस भरणे योग्य. कॅरिअरवर चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्या सायकलीत मागचा ॲक्सल वाकलाय का तेही तेव्हाच पाहावे: तो सपाट काचेवर लोळवला की वाक लगेच दिसतो. धुण्याच्या प्रेशर पंपाची धार हबवर थेट मारू नये.

दुसरा प्रकार बंद बेअरिंगचा, म्हणजे छर्रे आणि कडी एकत्र असलेल्या तयार बेअरिंगचा. यात बहुतेक हबमध्ये जुळवणी नसते. प्ले आला म्हणजे बेअरिंग झिजले किंवा हबमधली त्याची जागा सैल झाली. उदाहरणार्थ, ६००१-टूआरएस क्रमांकाच्या बेअरिंगचे माप (आतला व्यास × बाहेरचा व्यास × रुंदी) १२ × २८ × ८ मिलिमीटर. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. हबमध्ये नवे बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आतल्या कड्यावर ठोकले तर तो धक्का छर्‍यांतून जातो आणि नवे बेअरिंगही पहिल्याच दिवसापासून खरखरते.